हॉटेलच्या बाथरूममध्ये आई घसरून पडली. ‘व्यवस्थापन जबाबदार नाही’ ही पाटी दाखवली की विषय संपतो का?

वाचकाचं पत्र

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही एका हॉटेलात दोन रात्री राहिलो. आई ६४ वर्षांची आहे. बाथरूममध्ये शॉवरला काचेचं दार होतं, पण त्याच्या खालून पाणी बाहेर बेसिनपर्यंत यायचं. पहिल्याच रात्री मी खोलीतल्या फोनवरून रिसेप्शनला सांगितलं. ‘माणूस पाठवतो’ म्हणाले, कुणी आलं नाही. सकाळी आई तोंड धुवायला गेली आणि बेसिनसमोर पाय सटकून पडली. पडताना टॉवेलची दांडी धरली, तर ती स्क्रूसकट भिंतीतून निघून आली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट घालावी लागली. दवाखान्यात नेण्याआधी मॅनेजरने एका कागदावर आईची सही घेतली, तीही तिने डाव्या हाताने कशीबशी केली. ‘स्वतःच्या चुकीने पडले, हॉटेलविरुद्ध तक्रार नाही’ असा मजकूर त्यावर होता, हे नंतर कळलं. आता ते खोलीतल्या पाटीकडे बोट दाखवतात आणि पुढच्या वेळी दोन रात्री मोफत देऊ म्हणतात. बुकिंग ॲपवर माझ्या नावाने होतं, पैसे भावाने भरले. आई घरी शिवणकाम करते, ते बंद पडलंय. आमच्या हातात काही आहे का?

उत्तर

आहे, आणि बऱ्यापैकी आहे. फक्त त्यातलं काही येत्या आठवड्यात हातातून निसटू शकतं, म्हणून कायद्याकडे वळण्याआधी तेवढं उरकून घ्या.

आई पडली, हाड मोडलं, हे हॉटेल नाकारणार नाही. नाकारण्याची त्यांना गरजच नाही. ‘बाथरूम म्हटलं की पाणी असणारच, जपून चालायला हवं होतं’ एवढं म्हणून ते मोकळे होतात. तुमची बाजू उभी राहते ती दुसऱ्याच गोष्टीवर: जिथे पाणी असायला नको तिथे ते होतं, आणि ते आहे हे हॉटेलला आदल्या रात्रीच कळलं होतं. तुमचा तो रिसेप्शनला केलेला फोन या प्रकरणात एक्स-रेपेक्षा मोलाचा आहे. तो केला होता हे कागदावर आणणं हे पहिलं काम.

आजच हॉटेलच्या अधिकृत ई-मेलवर एक पत्र पाठवा आणि त्याचीच प्रत स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. त्यात खोली क्रमांक, मुक्कामाच्या तारखा, फोनची आणि पडल्याची अंदाजे वेळ लिहा. मग पुढच्या नोंदी पुसू किंवा बदलू नयेत आणि त्यांच्या प्रती द्याव्यात, अशी मागणी करा: त्या मजल्याच्या जिन्यातल्या-व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण, खोलीतून रिसेप्शनला गेलेल्या फोनची एक्स्चेंजमधली नोंद, देखभाल विभागाचं तक्रार रजिस्टर, हाउसकीपिंगचा त्या दोन दिवसांचा तक्ता, आणि अपघाताचा त्यांनी केलेला अहवाल. बाथरूममध्ये कॅमेरा नसतो, हे उघड आहे. पण रात्री फोन झाल्यावर तुमच्या दारात कुणीच फिरकलं नाही, हे व्हरांड्यातला कॅमेराच दाखवतो. बहुतेक रेकॉर्डरमध्ये जागा भरली की जुन्या चित्रणावर नवं चढतं, आणि त्याला महिनाभरही लागत नाही. तुमचे तीन आठवडे आधीच गेलेत. पत्रानंतरही चित्रण ‘नाहीसं’ झालं, तर तीसुद्धा तुमच्या बाजूची गोष्ट होते. हाताशी असलेला पुरावा जो पुढे आणत नाही, त्याच्या विरुद्ध तो जाणारा होता असं मानण्याची मुभा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ मध्ये आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हेच कलम ११४ होतं.

फोटो कुणी काढले होते? घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, आणि तो कधी काढला ही माहिती त्यातून गेलेली असते. मूळ फोटो ज्या फोनमध्ये आहे तो फोन शोधा, विकू नका, फॉरमॅट करू नका. ग्राहक आयोगापुढे फोटो आणि चित्रण द्यायचं तर त्याच अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टात आहे. भाग ‘अ’ फोन ज्याचा त्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल नंतर बदललेली नाही हे पडताळण्याचा संगणकाने काढलेला आकडा, लिहायची. नमुना पाहून घाबरू नका, वकिलांच्या ऑफिसात हे आता रोजचं काम झालंय.

आता दवाखान्याचा कागद. पहिल्या केसपेपरवर डॉक्टरांनी काय लिहिलंय ते आजच वाचा. घाईत नुसतं ‘पडल्यामुळे दुखापत’ लिहिलेलं असतं, आणि कधी कधी चक्क ‘घरी पडल्या’ असंही. हॉटेलचा वकील तोच कागद पहिल्यांदा उचलतो. चूक असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटा, काय घडलं ते सांगा आणि त्यांच्याच हाताने दुरुस्ती, सही, तारीख घ्या. स्वतः खाडाखोड अजिबात नको. दुसरं, मेडिक्लेमसाठी मूळ बिलं विमा कंपनीकडे जातात आणि परत मिळत नाहीत. ती देण्याआधी संपूर्ण संच स्कॅन करा आणि दवाखान्याकडून शिक्क्यानिशी दुसरी प्रत मागून घ्या.

त्या सहीबद्दल तुम्ही उगाच धास्तावला आहात. मनगट मोडल्यावर, उपचाराआधी, डाव्या हाताने घेतलेली सही हॉटेलला तारण्यापेक्षा अडचणीत आणण्याची शक्यता जास्त. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १६ मध्ये गैरवाजवी दबावाची व्याख्या आहे. वय, आजार किंवा मानसिक-शारीरिक त्रासामुळे ज्याची विचारशक्ती तात्पुरती किंवा कायमची मंदावली आहे, अशा माणसाशी केलेला व्यवहार तिथे स्पष्ट शब्दांत येतो. आईची बँकेतली किंवा पॅन कार्डावरची सही आणि हा कागद शेजारी शेजारी ठेवले की फार बोलावं लागणार नाही. ‘ही सही उपचारापूर्वी, मजकूर वाचून न दाखवता घेतली, ती आम्हाला मान्य नाही’ हे वाक्य मात्र पहिल्याच पत्रात यायला हवं. सहा महिन्यांनी सुचलेला आक्षेप बनावट वाटतो.

पाटीचं काय? पाटी लावून निष्काळजीपणा माफ होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात हे सांगितलंय. व्हॅले पार्किंगला दिलेली गाडी चोरीला गेली होती आणि पावतीवर ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं होतं. स्वतःचा किंवा नोकरांचा निष्काळजीपणा असताना हॉटेलला त्या छापील ओळीआड लपता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. तो निकाल गाडीच्या ताब्याबद्दलचा आहे, माणसाच्या हाडांबद्दलचा नाही, आणि समोरचा वकील हा फरक नक्की दाखवेल. पण गाडीला जे संरक्षण आहे ते पाहुणीला नाही, असा युक्तिवाद उभा राहून करणं कुणालाही जड जातं.

तुमचा मुख्य रस्ता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा आहे. पैसे घेऊन राहायला जागा देणं ही या कायद्याखालची ‘सेवा’, आणि ज्या निष्काळजीपणामुळे ग्राहकाला नुकसान किंवा इजा होते तो ‘सेवेतील त्रुटी’च्या व्याख्येत, म्हणजे कलम २(११) मध्ये, नाव घेऊन आला आहे. बुकिंग तुमचं, पैसे भावाचे आणि दुखापत आईला, याने काही बिघडत नाही. पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही ग्राहकच. तक्रारदार आईच असू द्या, भावाला दुसरा तक्रारदार करा, आणि तुम्ही साक्षीदार म्हणून प्रतिज्ञापत्र द्या, कारण फोन तुम्ही केला होता.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायची. हॉटेल कुठेही असो, आई राहते त्या जिल्ह्यात ती करता येते. २०१९ च्या कायद्याने केलेली ही सोय फार मोठी आहे, आणि तरीही निम्मे लोक ‘तिकडे कोण खेटे घालणार’ म्हणून गप्प बसतात. कोणत्या पातळीवरचा आयोग, हे तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही. सेवेसाठी दिलेल्या पैशांवर ठरतं. ५० लाख रुपयांपर्यंत जिल्हा आयोग, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क शून्य. दोन रात्रींचं बिल काही त्यापुढे जात नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. आधी नोटीस पाठवणं कायद्याने बंधनकारक नसलं तरी पाठवाच, पंधरा दिवसांची मुदत देऊन. त्यांचं उत्तर आलं की ते कोणती गोष्ट सांगणार आहेत ते तुम्हाला आधीच कळतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. काही हॉटेलं तिथून आलेल्या फोनवरच नरमतात. पण ती हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही आणि तिच्यामुळे दोन वर्षांची मुदतही वाढत नाही.

सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो कोण, इथे पुष्कळ जण चुकतात. दर्शनी बोर्डावरचं नाव ब्रँडचं असतं, चालवणारी कंपनी किंवा भागीदारी संस्था वेगळीच असते. जीएसटी बिलावर जे कायदेशीर नाव आणि पत्ता आहे, तो पहिला सामनेवाला. ॲपला दुसरा करा. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ असं ते म्हणतील आणि कदाचित सुटतीलही, पण बुकिंगच्या नोंदी त्यांच्याकडून मिळवायला सोपं जातं. मॅनेजरला व्यक्तिशः ओढण्यात अर्थ नाही.

आता बाथरूमकडे वळू, कारण खरी लढत तिथे आहे. शॉवरच्या आतली फरशी ओली असणं स्वाभाविक, तिथे कुणी घसरलं तर तक्रार बरीच कमकुवत होते, हेही स्पष्ट सांगायला हवं. बेसिनसमोरची जागा ही कोरडी बाजू. तिथे पाणी येण्याची कारणं मोजकीच आणि सगळी देखभालीची: काचेच्या दाराच्या खालच्या कडेला असलेली रबरी पट्टी फाटली किंवा गळून पडली, उंबऱ्याची पट्टी बसवलीच नाही, जाळीत केस आणि साबणाचा गाळ अडकून पाणी तुंबलं, नाहीतर फरशीचा उतार जाळीकडे नसून दाराकडे आहे. साबण-शाम्पूचं पाणी वाहून आलं की ते नुसत्या पाण्यापेक्षा बुळबुळीत असतं. पुसताना फिनाइल किंवा क्लीनर जास्त पडला आणि धुतलाच गेला नाही, तर त्याचा थर वाळतो. कोरडा असताना हाताला काहीच लागत नाही, पुन्हा पाणी पडलं की जिवंत होतो. यातलं तुमच्या खोलीत काय होतं, ते फोटो मोठे करून शोधा. दाराच्या खालची पट्टी दिसते का, पायपुसणं होतं का, पाण्याची कड कुठपर्यंत आली आहे. खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड फरशीवर तिरपा पडलेला एखादा फोटो असेल तर पाण्याचा थर त्यात आरशासारखा चमकतो. तो पहिल्या पानावर लावा.

‘आमच्या टाइल्स अँटी-स्किड आहेत’ असं उत्तर येईल, सोबत एखादं आर-९ किंवा आर-१० लिहिलेलं प्रमाणपत्र. ते पाहून गप्प होऊ नका. आर हे वर्गीकरण जर्मन डीआयएन ५११३० या चाचणीचं आहे. तिच्यात फरशीवर तेल ओततात, आणि बूट घातलेला माणूस उतारावर कितव्या अंशाला घसरतो ते पाहतात. आर-९ म्हणजे ६ ते १० अंश, त्या मापातली सर्वांत खालची पायरी. ओल्या जागी अनवाणी पायांसाठी डीआयएन ५१०९७ ही निराळी चाचणी आहे, साबणाच्या पाण्यावर, उघड्या पायांनी. तिच्यात ए, बी, सी असे वर्ग असतात, अनुक्रमे किमान १२, १८ आणि २४ अंशांचे. आई बूट घालून तोंड धुवायला गेली नव्हती. आणि कोणतंही प्रमाणपत्र नव्या कोऱ्या टाइलचं असतं, पाच वर्षं ॲसिडने घासलेल्या आणि वर थर साचलेल्या टाइलचं नव्हे. भारतात हे जर्मन मानक बंधनकारक नाही. ते ‘आर-९ म्हणजे सुरक्षित’ हा दावा खोडायला वापरायचं, हॉटेलने कायदा मोडला असं म्हणायला नाही.

टॉवेलच्या दांडीचा मुद्दा मात्र जपून मांडा. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलायला बसवलेलीच नसते, आधाराची दांडी वेगळी असते आणि तिचे स्क्रू भिंतीत खोल जातात. ‘दांडी तुटली म्हणून पडली’ असं लिहिलंत तर समोरचे हाच फरक पुढे करतील. ‘बेसिनसमोरच्या निसरड्या जागी पडत असताना धरण्यासारखा दुसरा आधार नव्हता’ एवढंच लिहा.

वयाचा आणि ठिसूळ हाडांचा मुद्दाही येणार. तरुण माणूस पडला असता तर हाड मोडलं नसतं, असं म्हणतील. असेलही तसं. पण निष्काळजीपणाच्या कायद्यात जखमी माणूस जसा आहे तसाच धरायचा असतो, त्याची हाडं कच्ची म्हणून समोरच्याची जबाबदारी कमी होत नाही. मात्र आईने पाणी आधी पाहिलं होतं, तुम्ही तक्रारही केली होती, मग तिने काळजी का घेतली नाही, हा प्रश्न जास्त धारदार आहे. आयोग तो मनावर घेऊन भरपाईतून काही भाग वजा करू शकतो. रात्री पाणी कुठपर्यंत होतं आणि सकाळी कुठपर्यंत आलं होतं, आईच्या आधी सकाळी कुणी अंघोळ केली होती का, बाथरूमचा दिवा पुरेसा होता का, हे नीट आठवून, जे खरं असेल तेच प्रतिज्ञापत्रात लिहा. एक खोटं वाक्य उलटतपासणीत सगळ्यावर पाणी फिरवतं. त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात पुन्हा बजावलंय.

आणखी एक काम संध्याकाळी बसून होण्यासारखं आहे. तुमच्या मुक्कामाच्या आधीच्या तारखांचे त्या हॉटेलचे ऑनलाइन अभिप्राय वाचा. ‘बाथरूममध्ये पाणी तुंबतं’, ‘शॉवरचं पाणी बाहेर येतं’ असं कुणी लिहिलं असेल तर तारीख आणि पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. हॉटेलने त्याखाली ‘दखल घेतली आहे’ असं उत्तर दिलं असेल, तर मग काय विचारता! तुम्ही स्वतः मात्र सध्या तिथे काही लिहू नका.

किती मागायचं? अंदाजपंचे २५ लाख मागितले की आयोगाला ते मागणंच संशयास्पद वाटतं. एकेक बाब लिहा: ऑपरेशन आणि औषधं, फिजिओथेरपी, प्लेट पुढे काढावी लागणार असेल तर डॉक्टरांचा तसा अंदाज लेखी, घरात ठेवलेली मदतनीस, जाण्यायेण्याचा खर्च, आईचं बुडालेलं उत्पन्न, आणि वेदना व मनस्ताप वेगळा. शिवणकामाचं उत्पन्न दाखवायला गिऱ्हाइकांची वही, यूपीआयच्या नोंदी, परत केलेल्या ऑर्डरी, काहीही चालतं. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात म्हटलंय की शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि त्यामुळे कमाई किती टक्के घटली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर सुताराची रोजीरोटी जाते, कारकुनाची नोकरी टिकू शकते. निकाल मोटार अपघाताचा असला तरी हिशेबाची पद्धत इथेही लागू करण्यासारखी आहे. उजवं मनगट पूर्वीसारखं वळत नसेल तर शिवणाऱ्या बाईचं नुकसान टक्केवारीच्या आकड्यापेक्षा मोठं असतं. म्हणून कायमच्या अपंगत्वाचा दाखला घाईने घेऊ नका. हाड जुळून फिजिओथेरपी पूर्ण झाल्यावर, हालचाल आणखी सुधारत नाही असं डॉक्टर म्हणाले की घ्या. तक्रार त्यासाठी अडवून ठेवायची गरज नाही, दाखला नंतर जोडता येतो.

पोलीस तक्रारीचंही लोक सुचवतील. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणाने दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आणून इजा करणं हा गुन्हा आहे आणि हाड मोडणं ही गंभीर दुखापत धरली जाते. पण भरपाई हवी असेल तर हा रस्ता लांबचा, आणि गुन्ह्यात पुराव्याची पातळीही फार वरची. तुमच्या प्रकरणात तो धरू नये असं आमचं मत.

वेळेचं म्हणाल तर कायद्यात सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा असं आहे. प्रत्यक्षात याहून पुष्कळ लागतो, हे धरूनच चला. सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि वाढीव १५ दिवस मिळतात. ती ४५ दिवसांची मर्यादा पक्की आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलंय, त्यामुळे तारखांवर लक्ष ठेवा. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर नाही म्हणू नका. पुष्कळ हॉटेलांकडे पब्लिक लायबिलिटीचा, म्हणजे पाहुण्यांना किंवा इतरांना झालेल्या इजेची भरपाई देणारा विमा असतो. तुमच्या नोटिशीत ‘आपल्या विमा कंपनीला ही घटना कळवावी आणि पॉलिसीचा तपशील द्यावा’ एवढं एक वाक्य घाला. भरपाई विमा कंपनीच्या खिशातून जाणार असेल तर मॅनेजरचा सूर बदलतो.

राहता राहिल्या त्या दोन मोफत रात्री. त्यांचं कूपन तूर्त घेऊ नका, फोनवर ‘बघू’ असंही म्हणू नका. असल्या कूपनाबरोबर ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ अशी ओळ हळूच येते, आणि ती मात्र डाव्या हाताच्या सहीइतकी सहज खोडता येत नाही. ई-मेलवर कळवा: ‘आपला प्रस्ताव मिळाला. उपचार चालू असून नुकसानीची मोजदाद व्हायची आहे. हा प्रस्ताव आम्ही स्वीकारलेला नाही आणि आमचे सर्व हक्क राखून ठेवत आहोत.’ खाली आईचं नाव, तारीख, आणि उजवा हात बरा होईपर्यंत सहीच्या जागी तुमची सही, ‘आईच्या सांगण्यावरून’ असं लिहून.